लेकुरवाळीचा दर

कौसे, मेलीस तीही बाजाराच्या दिवशी, आपल्या डाळमिलच्या सुट्टीला. मुकादमाला तुझा खाडा लावता आला नाही. मला बातमी कळली तेव्हा मी बाजारात भेंडी निवडत होते, आणि खरं सांगते, रडण्याआधी माझ्या मनात हेच आलं, की बघा, जातानाही या बाईनं रोज बुडू दिला नाही. मग हातातली भेंडी तिथंच टाकली आणि चालायला लागले. पिशवी भाजीवाल्याकडेच राहिली. ती दुसऱ्या दिवशी कोणीतरी आणून दिली, पण तोवर तुला नेलं होतं.

हे मी शाळेत शिकलेल्या मराठीत लिहितेय. तू असतीस तर म्हणाली असतीस, "मंदे, पुस्तकावानी काऊन बोलून राह्यली व? कोणाले दाखवाचं हाय?" दाखवायचं आहे, बाई. तुझ्या ओसरीवर येऊन बसले होते ना, चहा पीत आणि मान हलवत, त्या सगळ्यांना दाखवायचं आहे. रडून झालं माझं. आता मला राग आलाय, आणि रागात मी शुद्ध लिहिते.

तुझ्या तेरवीच्या आधीचे ते दिवस. बसायला येणाऱ्यांची रीघ. तुझी अश्विनी कोपऱ्यात लेकीला मांडीवर घेऊन बसलेली. बाळंतपणाला माहेरी आलेली पोर, लेक पुरती चार महिन्यांचीही नाही, तोवर तिची आई गेली. आणि तुझे चुलतदीर, आपले किराणा दुकानवाले बबनभाऊजी, मधोमध बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वयनी वाईट नोयत्या. पण घरात काही थांबल्या नाही. पोट्टे मिलच्या झाडाखाली वाढवले. बायाइचा दर, बायाइचा दर, करू करू छाती जाळून घेतली. शेवटी भेटलं काय?"

एकीनं लगेच "हाव ना बाप्पा" म्हणून री ओढली. दुसरी म्हणाली, बाईच्या जातीनं किती धावाचं त्याले काही माप असते. तिसरी तर तुझ्याच ओट्यावर बसून, तुझ्याच कपातला चहा पिऊन म्हणाली, "लेकराइले मायची सावली पाह्यजे, पैसा काय मंग येत राह्यते." मी पाहत होते अश्विनीकडे. ती खाली मान घालून ऐकत होती आणि ते सगळं तिच्या आत जात होतं.

मला नाही राहवलं. मी म्हटलं, "भाऊजी, तुमच्या दुकानातली तुरीची डाळ कोणी निवडली? हिनंच ना? इतक्या वर्षात दाताखाली खडा आला का कधी? मंग ते भेटलं तुमाले. तिले काय भेटलं ते तिच्या पोरीले विचारा, तुमी काऊन सांगून राह्यले?"

भाऊजी म्हणाले, "मंदाबाई, मौतीच्या घरी भांडाचं नसते."

"मंग मौतीच्या घरी मेलेल्या बाईचे वाभाडे काढाचे असते का?"

आणि तेव्हा पायरीवर बसलेला साजिद उठला. आपल्यासोबत डाळ निवडणाऱ्या शमीमचा मुलगा साजिद, रोज आपल्याला मिलवर नेणाऱ्या काळीपिवळी जीपचा ड्रायव्हर. तीन दिवसांपासून तो तिथंच होता, लाकडं आणण्यापासून खुर्च्या मांडण्यापर्यंत. दाढीवरून हात फिरवत म्हणाला, "माही दूधमाय हाय ते. तिच्या झाडाखाली मीपण वाढलो. कोणाले काही बोलाचं असन तं मले बोला, मी हाय इथं उभा." बबनभाऊजींनी चहाचा कप खाली ठेवला आणि उन्हाळा यंदा लवकर लागला म्हणाले.

बसायला आलेल्या नव्या सुनांपैकी बऱ्याच जणींना ठाऊकच नव्हतं, साजिद तुला दूधमाय का म्हणतो ते. मी तिथं सांगितलं नाही. इथं सांगते.

मी लग्न होऊन या गावात नवीन आले होते. मला पोरंबाळं नव्हती, आणि तुझी अश्विनी अंगावर पीत होती. तेव्हा मिलमध्ये बायांचे दोन दर होते. एक साधा आणि एक लेकुरवाळीचा. लेकुरवाळीचा कमी. का, तर ती पाजायला उठते, मालकाचा वेळ खाते. कोणी कधी हे ठरवलं कोणाला माहीत नाही, पण दिवस उगवावा तसा तो दर होता आणि सगळ्यांना तो बरोबरच वाटायचा. पाजणाऱ्या बायांनाही. गावात विचारलं तर लोक म्हणायचे, कमी तं कमी, मालक कामावर घेते हेच लय झालं.

मग बाया काय करायच्या? लपवायच्या. लेकरू सासूजवळ टाकून यायचं, मुकादमाला सांगायचं की तोडलं अंगावरून, आणि पोलक्यात जुन्या धोतराचं कापड कोंबून डाळ निवडायला ताडपत्रीवर बसायचं. दुपारपर्यंत छाती दगड व्हायची. तूही तेच करायचीस. मला तू ते कापड दाखवलं होतंस संडासामागं, पिळून काढताना. मला तेव्हा किळस आली होती, कौसे, आणि मग रात्री घरी गेल्यावर रडू आलं होतं. मी तुला सांगितलं नव्हतं.

आणि एक दिवस तुझं सगळं बिंग फुटलं ते शमीमच्या लेकरामुळं. शमीमनं काही लपवलं नव्हतं. तिला घरी कोणी बघणारं नव्हतं, ती साजिदला घेऊन यायची, मिलच्या अंगणातल्या कडुनिंबाला झोळी बांधायची आणि मुकाट्यानं कमी दर घ्यायची. त्या दिवशी ती आत बारदाना झटकायला गेलेली आणि इकडं साजिद रडायला लागला. भुकेचं रडणं. आपण चाळीसभर बाया ताडपत्रीवर डाळ निवडत होतो. आणि माझ्या शेजारी तू, तुझ्या पोलक्यावर दोन ओले डाग पसरायला लागले. कापड भिजून वर आलं. दुसऱ्याच्या लेकराच्या रडण्यानं तुला पान्हा फुटला, आणि समोर मुकादम उभा.

तो हसला. त्याचं ते हसणं मी विसरणार नाही. म्हणाला, "काय व कौसाबाई, तोडलं म्हणे ना अंगावरून? आजपासून लेकुरवाळीचा दर." बाया खाली बघायला लागल्या. मीसुद्धा.

तू मात्र वर बघितलंस. पोलक्यातून ते ओलं कापड ओढून काढलंस, त्याच्या पायाशी डाळीत नाही, बाजूला मातीत टाकलंस. डाळ खराब होऊ दिली नाहीस, हे मी मुद्दाम सांगते. आणि म्हणालीस, "दर तं कापलाच. मंग आता पाजतेच." निंबाखाली गेलीस, झोळीतून साजिदला उचललंस आणि तिथंच मांडी घालून त्याला पदराखाली घेतलंस. शमीम धावत बाहेर आली, बघते तर हे असं. तिनं तुझ्या डोक्यावरचा सरकलेला पदर नीट केला आणि मुकादमाकडं पाठ करून तुमच्या दोघांसमोर उभी राहिली. संध्याकाळी तिनं सांगितलं, आता हा तुझ्या पोरीचा दूधभाऊ झाला, आमच्यात हे नातं सख्ख्यासारखं मानतात, परत फिरवता येत नाही. तू म्हणालीस, "कोणाले फिरवाचं हाय?"

त्याच संध्याकाळी गाडीत तू तो डाव टाकलास. म्हणालीस, "उद्या लेकरू रडलं का सगळ्याइनं उठाचं. पाजणारी पाजीन, बाकीच्या उभ्या राह्यतीन. मंग पाहू तो कोणाकोणाचा दर कापते."

काय ओरडल्या होत्या बाया! आमचे लेकरं मोठे झाले, आमाले काय करा लागते. आमचा साधा दर कापला तं घरी काय सांगू. एक म्हणाली, हे तुह्यं आणि शमीमचं दुखणं हाय, तुमी निस्तरा. तू एकेकीकडं बघितलंस आणि विचारलंस, "काव, तुमी काय आभायातून पडल्या का? तुमाले कोणी पाजलं नाही?"

दुसऱ्या दिवशी साजिद रडला आणि आपण उठलो. सगळ्या नाही. तू, शमीम, मी, आणि आणखी थोड्या. बसलेल्या बसून राहिल्या. मुकादम ओरडत आला. आणि तेव्हा आपली काशीमावशी, जिची नातवंडं शाळेत जात होती, गुडघ्यावर हात टेकत टेकत उठली. मुकादम म्हणाला, "मावशे, तू कुठं चालली?" ती म्हणाली, "पाजाले." "कोणाले पाजतं व तू या वयात?" मावशी म्हणाली, "तुह्या मालकाले. भल्ला भुकेला हाय तो, आमच्या लेकराइच्या तोंडचंही सोडत नाही." असं हसू फुटलं ताडपत्रीवर, की उरलेल्या बाया हसता हसताच उभ्या राहिल्या. हसताना बाईला बसवत नाही हे मला त्या दिवशी कळलं.

पुढचा सगळा आठवडा आपण असं केलं. चाळणीखाली न निवडलेल्या डाळीचा ढीग लागायचा, गाड्या फाटकावर थांबायच्या. शेवटी शेठनं सांगितलं, करा एकच दर, पण डोकं खाऊ नका. पटलं म्हणून नाही, कंटाळून केलं. तुला काय फरक पडला? तू म्हणालीस, कंटाळून तं कंटाळून.

आणि मग गाव बोललं. बाया माजल्या म्हणाले. मिलमध्ये लेकरं पाजतात, लाज सोडली म्हणाले. घरी लेकरू टाकून गेलो तेव्हा माया सोडली म्हणाले होते. म्हणजे काहीतरी सोडल्याशिवाय बाईला यांच्या तोंडून सुटका नाही. तुझ्या सासूला देवळात बायांनी टोमणे मारले. माझ्या नवऱ्याला पानठेल्यावर कोणी विचारलं, तुही बायको पण त्याच टोळीत का बे? त्यानं "हाव" म्हटलं आणि पान खाऊन घरी आला. तेवढं त्याचं मी आयुष्यभर मानते.

मग ती दोन पोरींची गोष्ट. शहरातून आल्या होत्या, खांद्यावर पिशव्या, स्टँडवरच्या चहाच्या टपरीजवळ लोकांची मतं विचारत होत्या. लहान लेकरांच्या आयांनी कामाला जावं का? बायांना सरकारनं ठरवलेला कमीत कमी दर मिळालाच पाहिजे का? आपण गाडीची वाट बघत बाजूलाच उभ्या, हातात डबे. आणि मतं कोण देत होतं? बबनभाऊजी, पंक्चरवाला, एक मास्तर, आणि दिवसभर त्या बाकावरून न उठणारे ते दोघं. एक म्हणाला, जावं, पण घरचं पाहून. एक म्हणाला, बायाइले तेवढा दर देला तं माणसाइले काय द्याचं? भाऊजींनी तर संस्कारांवर भाषणच दिलं. पोरी लिहून घेत होत्या.

तू डबा माझ्या हातात दिलास आणि मधे घुसलीस. "बाई, माहं पण लिहा." त्या पोरीनं चांगल्या मनानंच विचारलं, "तुम्ही कामाला जाता तेव्हा मुलांना कोण बघतं?" तू म्हणालीस, "तुह्या बाबाले विचारलं का कधी कोणी, तुमी कामाले जाता तं पोरगी कोण पाहाते?" पोरीचा पेन थांबला. मग ती हसली, आणि म्हणाली, नाही विचारलं. मग तू म्हणालीस, "लिहा मंग. कौसाबाईचं म्हणणं असं हाय का, ज्याले बाईचा दर जास्त वाटते त्यानं आपल्या घरची डाळ आपल्या हातानं निवडावी. एक पोतं. मंग बोलावं." टपरीवाला एवढा हसला की चहा उतू गेला.

आता आपल्या भांडणाकडं येते. तुला वाटलं असेल मेले म्हणजे सुटले. नाही सुटलीस.

मिलच्या फाटकावर सरकारी दराची पाटी आहे. मी वाचली ती, तू नाही वाचलीस, कारण तुझं म्हणणं वाचून काय करायचं. आपल्याला मिळतो तो दर त्या पाटीपेक्षा कमी आहे. पूर्वीपासून कमी आहे. मी कितीदा म्हटलं, कौसे, बुलढाण्याला जाऊ, तिथं कामगारांचं ऑफिस आहे, अर्ज देऊ, हा कायदा आहे, उपकार नाही. आणि दर वेळी तू एकच बोलायचीस, "कायदा पाटीवर हाय मंदे, आपून ताडपत्रीवर. पाटीवरचा दर मागितला का शेठ पह्यले कोणाले काढीन, सांग? पोटाशी लेकरू असणारीले. म्हणीन, पूरा दर पाह्यजे तं पूरी बाई पाह्यजे. मले तो दर गोड लागणार नाही."

मी म्हणायचे, मग काय, जन्मभर कमीच घ्यायचं? तू म्हणायचीस, कमी नोको घेऊ, पण लेकुरवाळीच्या डोक्यावर पाय देऊन जास्त नोको घेऊ. मी म्हणायचे, तू घाबरतेस. ते तुला लागायचं. एकदा तर आपण गाडीत एवढ्या भांडलो की साजिदनं शेताच्या कडेला ब्रेक मारला आणि म्हणाला, "दोघी उतरा. भांडून घ्या, मंग बसा." आणि आपण उतरलो! हरभऱ्याच्या बांधावर उभ्या राहून भांडलो, बाकीच्या बाया गाडीत बसून ऐकत होत्या, आणि शेवटी तू वाकून दोन हरभऱ्याची डहाळं उपटलीस, एक मला दिलंस आणि गाडीत चढलीस. भांडण तिथंच राहिलं. हरभऱ्याचे हिरवे सोले खात खात मिलवर पोचलो.

पण शेवटच्या वेळी डहाळं नव्हतं. सुट्टीच्या आदल्या दिवशी मी म्हटलं, पुढच्या सोमवारी मी एकटी जाते बुलढाण्याला, तू राहा बसून. तू तोंड फिरवलंस. गाव आल्यावर नेहमी "येतो व मंदे" म्हणायचीस, ते न म्हणता उतरलीस. तुझी पाठ बघितली मी, गल्लीत वळेपर्यंत. मला वाटलं, रुसू दे, परवा दिवशी ताडपत्रीवर येऊन बसेलच माझ्या शेजारी, कुठं जाते? बघ, कुठं गेलीस.

तरी सांगते, मला तुझं म्हणणं तेव्हा पटलं नव्हतं आणि आत्ताही पटलेलं नाही. मेलीस म्हणून मी तुला बरोबर म्हणणार नाही. तुलाच ते आवडलं नसतं.

पण एक गोष्ट तुला कधी बोलले नाही ती बोलते. माझी दोन्ही पोरं त्या निंबाखाली वाढली. मोठ्याच्या वेळी मी कामावर आले तेव्हा माझी सासू म्हणाली, पोलक्यात कापड घालून जा. तिला तेवढंच माहीत होतं. मी म्हटलं, आता नाही लागत. मी उठायचे, सगळ्या उठायच्या, मी पाजून यायचे, सगळ्या बसायच्या. कोणी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी ते कापड आयुष्यात एकदाही कोंबलं नाही, कौसे. इतकी वर्षं तुझ्या शेजारी बसले, डाळ निवडली, शेंगदाण्याच्या चटणीवरून भांडले, आणि हे तुला म्हणायचं राहूनच गेलं. आपल्यात असं बोलायची पद्धत नाही ना.

आता अश्विनीचं ऐक.

तुझी तेरवी झाली आणि तिनं मला विचारलं, "काकू, मी येऊ का आईच्या जागेवर?" जावयाची कंपनी बंद पडलीय, तो काम शोधतोय, तुला ठाऊकच होतं. बबनभाऊजींनी लगेच मत दिलं की चार महिन्यांचं लेकरू घेऊन कुठं धावतं, मायची गत पाह्यली ना. पोरगी गडबडली. त्यांचं बोलणं तिच्या आत गेलं होतं, मी म्हटलं ना. ती मला म्हणाली, "काकू, आईनं आमाले खरंच वाऱ्यावर सोडलं होतं का व?" मी तिच्या थोबाडीत मारणार होते. मारली नाही. म्हटलं, "वाऱ्यावर नाही, निंबावर. झोळी घे आणि चल."

साजिदनं गाडीत तिला पुढं बसवलं, आपल्या शेजारी. वाटभर भाचीला "मामाची गाडी, मामाची गाडी" करत गेला.

फाटकावर मुकादम. तोच, आता केस काळे करतो. तुझ्याबद्दल चार शब्द बरे बोलला, नाही म्हणायला. मग झोळीकडं बघून म्हणाला, "पोरी, काम देतो. पण शेठनं सांगून ठेवलं, डाळ निवडाची मशीन येऊन राह्यली, आता जुने लाड नाही. लेकरू घरी ठेवत असशीन तं साधा दर. आणलं तं लेकुरवाळीचा दर."

कौसे, इतक्या वर्षांनी तो शब्द ऐकला मी. म्हटलं, "हा दर कौसाबाईनं बंद केला होता."

तो शांतपणे म्हणाला, "कौसाबाई गेल्या. त्याइची पद्धत त्याइच्यासंगं गेली."

मी काही बोलणार तेवढ्यात अश्विनीनं माझा पदर ओढला. "राहू दे काकू. मी नाही उठत. पाजून आणलं तिले, झोपीन ते." निंबाला झोळी बांधली आणि येऊन बसली. तुझ्या जागेवर. कोणी तिला ती जागा दाखवली नव्हती, ती रिकामी होती म्हणून बसली.

आता ताडपत्रीवर बाया तेव्हाच्या निम्म्याही नाहीत. बऱ्याच नव्या पोरी, एक दोन तर लग्न न झालेल्या. काशीमावशी नाही. मशीन येणार म्हणून सगळ्यांचा जीव मुठीत. मी एकेकीकडं बघत होते आणि मनात म्हणत होते, आता काय व्हायचं ते होईल. निंबाला मोहर आलाय, खाली बारीक फुलांचा सडा पडला होता.

दुपारी लेकरू उठलं. आधी कुरकुर, मग रडणं. अश्विनी डाळ निवडत राहिली. रडणं वाढलं. तिची बोटं भराभर चालायला लागली, चांगली डाळपण खड्यांत टाकत होती. मुकादम खांबाला टेकून उभा होता, आमच्याकडं बघत. आणि मी शेजारी बसलेली, मला दिसलं. पोलक्यावर दोन ओले डाग. तुझ्यासारखे. तेच दोन डाग, कौसे, तीच जागा. तिनं पदर ओढून घेतला आणि खाली मान घातली.

शमीम उठली. तिचे गुडघे आता किती दुखतात तुला माहीत आहे, ती गाडीतून उतरतानासुद्धा साजिदचा हात धरते. ती कोणाचा हात न धरता उठली. मग मी. मग माझ्या मागच्या, मग पलीकडच्या. मला वाटलं होतं नव्या पोरी बसतील. त्या तर मी वळून बघेपर्यंत उभ्याच होत्या! ती जुनी गोष्ट त्यांना ठाऊकही नव्हती, एखादीचं लेकरू रडलं की त्या आमच्यासोबत उठायच्या म्हणून उठल्या. चाळणीवरची बाईपण उठली. डाळ पडायला लागली, ढीग व्हायला लागला.

आणि सगळ्या उभ्या असताना एकटी अश्विनी बसलेली. जिचं लेकरू रडत होतं तीच. ती वर बघेना. मला म्हणाली, "काकू, बसा ना. माह्यासाठी नोका करू."

शमीम म्हणाली, "तुह्यासाठी कोण करून राह्यलं व? ते रडून राह्यली तिच्यासाठी करून राह्यलो. उठ. माहे गुडघे दुखते, किती वेळ उभं ठेवतं म्हातारीले?"

मुकादम पुढं आला. म्हणाला, "मी सगळ्याइचा कापीन." मी म्हटलं, "काप." त्यानं शमीमकडं बघितलं, ती म्हणाली, "काप." त्यानं त्या नव्या पोरींकडं बघितलं. त्या उभ्याच राहिल्या. उभी होते तेव्हा तुझं ते बोलणं आठवलं, पाटी आणि ताडपत्री. कळलं मला, कौसे, पहिली लेकुरवाळीच का कापली जाते ते. पटलं नाही, पण कळलं. येत्या सोमवारी मी बुलढाण्याला जाणारच आहे, पण एकटी नाही जाणार, आणि पहिली ओळ लेकुरवाळीची लिहीन. म्हणजे तुझा रुसवा जावा म्हणून नाही. तुझं म्हणणंही त्या अर्जात असावं म्हणून.

अश्विनी उठली. आधी हळू, मग धावतच निंबाखाली गेली. झोळीतून लेकीला उचललं, खाली मांडी घातली, पदर ओढला. रडणं एकदम थांबलं. मुकादम आमच्याकडं बघत होता आणि आम्ही त्याच्याकडं. कोणी घाई केली नाही. तो हप्त्याच्या पगाराच्या दिवशी काय करेल ते तेव्हा पाहू. पाय आहेत आम्हाला, परत उठू.

लेकरू पोटभर प्यालं. मग आम्ही बसलो.